किलोला तीस

आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं ते आत्याबाईंसाठी. हे आधीच सांगते, कारण पुढं ते कुणालाच आठवलं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत. एसटीत चढणं बंद. वैजापूरला त्यांचा धाकटा भाऊ, कडूबामामा, अंथरुणाला खिळलेला. त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग आमचे हे, बद्रीनाथ, कामाला लागले. चितेगावच्या कंपनीत चहाच्या सुट्टीत एकच विषय. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की काच खाली करायला लावून विचारायचे, "अ‍ॅव्हरेज किती देते?" लोकही पोराचे मार्क सांगावेत तसं दोन-चार वाढवूनच सांगायचे. माझे दीर, कारभारी भाऊजी, रोज नवा आकडा घेऊन यायचे. चार महिन्यांनी सीएनजीवर एकमत झालं.

छावणीतले वहाबभाई तीस वर्षं टॅक्सी चालवतात. त्यांना शेवटचा सल्ला विचारायला घरी बोलावलं. चहा पिता पिता ते म्हणाले, "वो सब ठीक है बद्रीभाई, अम्मा की कुर्सी कां रखते?"

"ते बघू हो. तुम्ही अ‍ॅव्हरेज सांगा."

"किलो को तीस देती," म्हणून वहाबभाईंनी कप खाली ठेवला.

तीस ऐकून घरात आनंदीआनंद. खोटं कशाला बोलू, मी त्या वेळी रंगाचा विचार करत होते.

गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. रविवारी वैजापूरला निघालो. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मागं मी, भाऊजी आणि जाऊबाई. यांनी डिकी उघडली, तर आत गॅसची टाकी ऐसपैस आडवी पडलेली. खुर्ची घडी करून घातली, उभी घातली, तिरकी घातली. झाकण काही लागेना.

"तिथं मी उचलून नेतो की तुला," हे म्हणाले.

"माहेरात भावजयीपुढं लेकाच्या कडंवर जाऊ व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् दिवसभर मोरीत कोण उचलून नेईल? उतरवा मला. तुमी जाऊन या."

मागच्या तिघांतलं एक कुणी उतरलं असतं तर तिथं खुर्ची मावली असती. हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. जाऊबाई मोबाइलमध्ये बघत राहिल्या. भाऊजी म्हणाले, "पुढल्या खेपेला कॅरिअर बसवून घेऊ." मीही उतरले नाही. नव्या गाडीत पहिल्यांदा बसायची हौस मलाही होती, आणि त्या हौसेची आज किळस येते.

आत्याबाईंना खाली उतरवलं, शेजारच्या दगडाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. पुढची सीट रिकामी झाली, तिथं मी जाऊन बसले. सीट अजून कोमट होती.

वैजापूरला आम्ही चौघं आत गेलो तरी कडूबामामांची नजर दारावरून हलेना.

"आक्का गाडीतच बसली का?" त्यांनी विचारलं. "आणा की तिला आत."

"तिला आता प्रवास झेपत नाय, मामा," हे म्हणाले.

मामांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरातली सून खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"व्हय मामा," मी म्हणाले, "झेपत नाय."

मग त्यांनी दाराकडं बघायचं सोडलं.