जुन्या डब्याच्या दोन अटी

फाइलमध्ये एकेचाळीस अटी होत्या. सतरा विंडोजसाठी, तेरा लिनक्ससाठी, नऊ मॅकसाठी आणि दोन ‘जुन्या डब्यासाठी’.

प्रोग्रामचं काम एवढंच की दवाखान्यातल्या बोर्डावर पेशंटचा नंबर दाखवायचा. पण गिऱ्हाइकांची मशीनं तऱ्हेतऱ्हेची. म्हणून कोडमध्ये जागोजागी अटी: ज्या मशीनसाठी कम्पाइल करायचं, म्हणजे चालण्याजोगा प्रोग्राम बनवायचा, त्याचेच तुकडे आत घ्यायचे, बाकीचे गाळायचे.

नवी मुलगी तीन महिन्यांच्या चाचणीवर होती. तिला कायम करायचं की नाही, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते. त्याआधी काहीतरी साफसूफ करून दाखवावं, असं तिच्या मनाने घेतलं.

“आजोबा, हा जुना डबा आहे तरी कुठे?”

सगळ्यात जुन्या प्रोग्रामरला ऑफिसात आजोबा म्हणत. वय छप्पन्न. “कुणास ठाऊक. पण चालत्या गाडीला खीळ घालू नकोस, बाई.”

तिने घातली. दोन्ही अटी उडवल्या, विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चाचण्या घेतल्या. सगळ्या पास. गुरुवारी सकाळी नवी आवृत्ती सगळीकडे रवाना झाली.

सव्वादहाला फोन वाजला. साहेबांची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

“अरे, पहिल्या पेशंटला बोर्ड दोनशे छप्पन्न दाखवतोय! दुसऱ्याला पाचशे बारा! एक काकू म्हणाल्या, तोवर माझा दात आपणहून पडेल!”

“ताई, ते मशीन बदल म्हणून किती वर्षं सांगतोय...”

“तूच दिलंयस ते! माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला!”

साहेबांचा चेहरा पडला. नवी मुलगी मात्र कागदावर गुणाकार करत होती.

“तिसऱ्याला सातशे अडुसष्ट का हो, ताई?”

“हो! तुला गं कसं कळलं?”

“प्रत्येक नंबर खऱ्याच्या दोनशे छप्पन्न पट दिसतोय. त्या मशीनमध्ये आकड्याचे दोन भाग उलट क्रमाने ठेवतात. ते सरळ करणारा तुकडा होता...” तिने पेन खाली ठेवलं. “तो मी काढला.”

मग कोपऱ्यातून आजोबा म्हणाले, “चला, डबा सापडला.”

तिने तो तुकडा परत घातला, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी ताईंच्या बोर्डावर सातव्या पेशंटला ७ हा आकडा आला.

शुक्रवारची मोजदाद: अटी एकेचाळीस, चाचणीचे महिने तीनऐवजी सहा.