डावीकडे ओढणारी गाडी

पटांगण गाड्यांनी गच्च भरलं होतं. पोचे पडलेल्या, रंग उडालेल्या जुन्या गाड्या, आणि प्रत्येकीच्या दाराशी हात जोडून उभा असलेला तिचा मालक. चाकमहाराज एकेका गाडीत बसत, डोळे मिटत आणि काहीतरी पुटपुटत ब्रेकचं पेडल दाबत. मग खाली उतरून म्हणत, "आता दाबून बघ." मघाशी चिखलात पाय जावा तसं आत जाणारं पेडल आता दगडासारखं लागे. मालकाचे डोळे भरून येत.

"हे पेडल नव्हे, गाडीची नाडी आहे," महाराज सांगत. "डॉक्टर माणसाची नाडी बघतो. मी यंत्राच्या जिवाची बघतो."

त्या रांगेत माझा दादा होता. मागच्या सीटवर त्याची मुलगी चिऊ बसली होती, म्हणून मीही गेले होते.

वहिनीला जाऊन वर्ष होत आलं होतं. आजारपणातच गेली ती. पुढे काही महिन्यांनी दादाच्या गाडीचं पेडल मऊ पडलं आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. तो महाराजांकडे गेला. त्यांनी एकच विचारलं, "डावीकडच्या सीटवर कोण बसायचं?" दादाला तिथेच रडू फुटलं.

"ती अजून बसते," महाराज म्हणाले. "तुझा हात धरून ओढते. ती ओढ मोडू नकोस. पेडलला बळ मी देतो."

तेव्हापासून दादाने गाडी गॅरेजला नेली नाही. रिकाम्या रस्त्यावरही तो उगाच ब्रेक दाबायचा. गाडी डावीकडे झुकली की हळूच म्हणायचा, "हो गं, आहे लक्षात." चिऊ मागे बसून ऐकायची.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. ब्रेकचं असं का होतं, हे मी दादाला अनेकदा सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि विषय बदलायचा. पण आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गाडी सरकत जाऊन फुटपाथला घासली. तिथे मुलं उभी होती. चिऊ घरी येऊन जेवली नाही. मला म्हणाली, "आत्या, आई मला पण ओढून नेणार का?"

म्हणून आमचा नंबर आला तेव्हा मी पुढे झाले. "महाराज, आज मी बसते."

ते हसले. "बस की. पण मंत्र येतो का?"

"येतो," मी म्हटलं आणि मोठ्याने सातचा पाढा सुरू केला. सात एके सात, एक दाब. सात दुणे चौदा, दुसरा दाब. पाढा संपेपर्यंत पेडल टणक झालं. दादाला दाबायला लावलं. लोक पुढे सरकले.

"आता जरा थांबू या," मी म्हटलं. थोड्या वेळाने दादाने पुन्हा दाबलं, तर पेडल खाली गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, "ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं होतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. भराभर दाबलं की तेवढ्यापुरता जोर साठतो आणि मग उतरतो. म्हणून तुम्हाला इथे पुन्हा पुन्हा यावं लागतं."

मग मी गाडी पटांगणाच्या मोकळ्या कडेने बराच वेळ सावकाश फिरवली, पुन्हा पुन्हा ब्रेक लावले आणि उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या चकत्यांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. डावीकडे चर्र झालं. उजवीकडे पाणी नुसतं ओघळलं.

"डावी चकती तापलीय, उजवी थंडच आहे. उजवा ब्रेक गंजून अडकलाय, तो लागतच नाही. एकटा डावाच धरतो, म्हणून गाडी डावीकडे जाते. दुसरं कोणी ओढत नाही, दादा."

दादा त्या ओल्या चाकाकडे बघत राहिला.

गर्दीतला एक शिंपी पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "ताई, माझी गाडी जरा जड आहे. तिला सातचा चालेल की नऊचा म्हणू?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण कोणीच हसलं नाही. मागे एक बाई डोळे मिटून सातचा पाढा पुटपुटत होती. कोणीतरी म्हणालं, हिच्याही पायात गुण आहे. मी पुन्हा हवा आणि तेल समजावलं. माना डोलल्या. रांग जागची हलली नाही.

निघताना महाराज माझ्याजवळ आले. "बरोबर सांगितलंस," ते हळू आवाजात म्हणाले. "मी मेकॅनिक होतो. हात काळे करून ब्रेक नीट करायचो, तेव्हा कोणी नावही विचारलं नाही."

"आणि उद्या कोणाची गाडी थांबली नाही तर?"

"तर म्हणतील, त्याचीच श्रद्धा कमी पडली." हे सांगताना त्यांना लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दादा गॅरेजमध्ये आला, तो चिऊसाठी. मेकॅनिकने उजव्या चाकाचा अडकलेला भाग बदलला, पारदर्शक नळी लावून प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधली हवा काढली. नळीतून बुडबुडे येत होते. दादा वाकून बघत होता. शेवटचा बुडबुडा गेल्यावरही तो वाकलेलाच राहिला.

बाहेर रस्त्यावर त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. त्याने पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. मग गाडी कडेला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुझं सगळं खरं आहे," तो म्हणाला. "चिऊला शाळेत तूच सोडत जा."

त्यानंतर तो त्या गाडीत बसलेला नाही. फारसं बोलतही नाही. चाकमहाराजांचं पटांगण अजून भरतं आणि आता तिथे सातचा पाढाही म्हणतात.

तरीही सांगते, कारण न सांगून चालणार नाही. पेडल मऊ लागलं किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर ती चालवू नका, जाणकाराला दाखवा. माणूस गेला असेल तर त्याच्यासाठी हवं तेवढं रडा, ज्याच्याजवळ रडावंसं वाटेल त्याच्याजवळ रडा. पण त्याला बिघडलेल्या ब्रेकमध्ये शोधू नका. मागच्या सीटवर कोणाचं तरी मूल बसलेलं असतं.