साडेसातशे वॅटचा मान

गुलाबचंद नायकांना त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. बाजेवर टेकले की उठायचे, अंगणातून तांड्याच्या अभ्यासिकेकडे बघायचे, पुन्हा आत यायचे. चहा निवून गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. सेनगावजवळच्या त्या बंजारा तांड्याचे ते नायक, म्हणजे प्रमुख; त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि आज मात्र सगळा तांडा त्यांच्याशी जरा जपूनच बोलत होता. एवढं काय घडलं होतं? तुमच्याआमच्या गावात रोज घडतं तेच. लाईट गेली होती.

गेली होती ती काल, रविवारी. नायकांच्या पुतण्याची मुलगी पुजा अभ्यासिकेतल्या संगणकावर नर्सिंगच्या शिष्यवृत्तीची चाचणी देत होती. पेपर सकाळी दहाचा, दोन तासांचा. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच तांड्याला वीज देणाऱ्या डीपीचा, म्हणजे रोहित्राचा, फ्यूज उडाला. इन्व्हर्टर होता, म्हणून कुणी घाबरलं नाही. पण दीड तास होतो न होतो तोच बॅटरीनं मान टाकली, पडदा काळा झाला आणि पुजाचे पंचवीस प्रश्न तसेच राहिले. संस्थेला फोन करकरून पुढच्या रविवारी पुन्हा बसायची परवानगी मिळाली, पण एकदाच. ही संधी हुकली तर नर्सिंग नाही, आणि नर्सिंग नाही म्हटल्यावर घरात पाहुणे बघायला यायला वेळ लागत नाही, हे पुजा चांगलं ओळखून होती. कालपासून ती जेवली नव्हती.

नायकांच्या जिवाची घालमेल तेवढ्यासाठी होतीच. पण आत आणखी एक काटा सलत होता.

दोन महिन्यांपूर्वी त्या संगणकाचा पॉवर सप्लाय जळाला होता. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन ती संगणकाला पचेल अशी करून देणारी पेटी. अभ्यासिका सांभाळणारी शिवकन्या आयटीआय झालेली. तिनं नवीन कसला हवा ते चिठ्ठीवर नीट लिहून दिलं. "मीच देतो तांड्याला," म्हणून नायक चिठ्ठी घेऊन हिंगोलीला गेले. आणि दुकानात उभं राहिल्यावर त्यांनी तेच केलं, जे वीस वर्षांपूर्वी विहिरीची मोटार घेताना केलं होतं. छाती पुढे काढून विचारलं, "तुमच्याकडं सगळ्यात मोठा कोणता?"

चिठ्ठी खिशातच राहिली. नायकानं पोरीच्या चिठ्ठीवरून सामान घ्यायचं म्हणजे काय! पेटी आली ती चांगली साडेसातशे वॅटची. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि संगणकाच्या डब्यावर लाल रंगात अक्षरं उमटली: 'नायक गुलाबचंद राठोड यांजकडून सप्रेम भेट, ७५० वॅट'. शिवकन्या त्या दिवशी गप्प बसली. आपण सगळेच अशा वेळी गप्प बसतो ना? देणाऱ्याचं मन कोण मोडणार?

आज मात्र ती विजेचं छोटं मीटर घेऊन नायकांच्या दारात उभी राहिली.

"काका, राग न्हाई ना येणार?"

"बोल की. मी काय खाऊन राहिलो का तुला?"

"बॅटरीत खोट न्हाई. तुमी आणलेला सप्लाय बदलावा लागंल."

नायक ताडकन उठले. "साडेसातशेचा हाय तो! त्याच्याएवढा साऱ्या सेनगावात न्हाई."

"तीच तर तकलीफ हाय, काका. साडेसातशे म्हणजे तो तेवढी वीज देऊ शकतो. ज्याला मोठं काम हाय त्यानं मोठाच घ्यावा. पण आपला कॉम्प्युटर छोटा, त्याला चाळीसच्या आतच लागते. एवढ्या मोठ्या पेटीला एवढुसं काम दिलं की ती बरीच वीज आपल्याच अंगात जिरवते. जुना छोटा व्हता तवा हे मीटर पंचेचाळीस दाखवायचं. आता सत्तर दाखवून राहिलंय. काम तेवढंच, खाणं दीडपट. मग बॅटरी दोन तास कशी पुरंल?"

नायकांना पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. "विजेचं असं कुठं असतं?" ते पुटपुटले.

तुरी निवडत बसलेल्या जमनाबाईंनी, म्हणजे नायकांच्या कारभारणीनं, सुपातून डोकं वर काढलं.

"काहून नसंल? दोघांचं वरण तुमी लग्नाच्या हंड्यात शिजवून राहिले. वरणाच्या आधी हंडाच तापतो. सरपण कुणाचं जातं?"

"तू गप."

"लई वर्षं गप बसले. काल फ्यूज काहून उडाला ते बी सांगते. तांड्याची अन् मळ्याची डीपी एकच. पोरगी पेपरला बसली त्याच टायमाला गव्हावर मोटार कोणी लावली? तीन एचपीच्या मोटारीनं भागतंय त्या विहिरीवर साडेसातची कोणी बसवली? तुमी बसवली म्हून साऱ्यांनी बसवली. नायकापेक्षा लहान कोण घेणार?"

नायक खाली बसले. काल दहा वाजता बटण दाबलं होतं ते याच हातानं! लेकराचा पेपर कुणा परक्यानं नव्हे, आपल्याच मोठेपणानं बुडवला, ही गोष्ट त्यांच्या काळजाला झोंबली.

मग त्यांनी खुंटीवरचं जुनं जाकीट काढलं आणि खिशातली चुरगळलेली चिठ्ठी शिवकन्येपुढे धरली. "हे वाचून दाखव. नीट, समजंल असं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हिंगोलीला गेले. या खेपेला दुकानदारासमोर चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "लहान पाहिजे. अन् थोड्या कामाला लावला की वीज किती वाया घालवतो ते आधी सांगा." पहिल्या दुकानदाराला ते सांगता येईना. दुसऱ्यानं कागद काढून दाखवला आणि माल मागवून घेतला. शुक्रवारी तो आला. लॅपटॉपला असतो तसला एक अडॅप्टर आणि डब्यात बसवायची, आतल्या भागांना वीज वाटून देणारी बोटभर पट्टी, बस्स. शिवकन्येनं जोडून मीटर लावलं. चव्वेचाळीस.

रविवार उजाडला आणि नायकांची येरझार पुन्हा सुरू झाली. आपली मोटार त्यांनी बंद ठेवली होती, पण इतरांना सांगायला तोंड कुठं होतं? सव्वादहाला कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि फ्यूज उडालाच. अभ्यासिकेच्या पायरीवर बसून नायक घड्याळ बघत राहिले. पावणेबारा झाले, म्हणजे दीड तास उलटला. आतून माउसची टिकटिक ऐकू येत होती. नायकांनी डोळे मिटले आणि सेवालाल महाराजांचं नाव घेतलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी पुजा बाहेर आली. चेहरा घामेजलेला, पण डोळे हसत होते.

"झाला, आबा. समदे सोडवले. परत एकदा बघून बी झाले."

ती बोलत असतानाच आत बॅटरी संपत आली म्हणून इन्व्हर्टर ओरडू लागला. आता त्याला खुशाल ओरडू द्यायला हरकत नव्हती.

शिवकन्या लाल रंगाची डबी घेऊन आली. "काका, नवीन भेटीवर नाव कुठं लिहू? जागाच न्हाई."

"न्हाई मावत तर राहू दे," नायक म्हणाले. "अन् डब्यावरचं ते साडेसातशे खोडून टाक."

तिथून ते घरी गेले नाहीत. सरळ विहिरीवर गेले आणि साडेसातची मोटार उतरवायला घेतली. संध्याकाळी तांडा जमला तेव्हा तीनची मोटार आणायचं त्यांनी आधी स्वतःपुरतं सांगितलं, मग लोकांना म्हणाले, "मोठं तेच चांगलं, हे मीच तुमाला शिकवलं. ते चुकीचं व्हतं. आता माझ्याकडं बघून हे बी शिका." पुजा पुढच्या रांगेत बसून ऐकत होती.

मंडळी, आपल्या घरातही असा एखादा लग्नाचा हंडा चुलीवर असेलच. काम केवढं आहे ते आधी बघावं आणि तेवढंच, पण वाया न घालवणारं साधन घ्यावं. यात कंजुषी नाही की कमीपणा नाही. वीज सगळ्यांची एकच असते. आपण दिमाखासाठी जाळलेली शेवटी कुणाच्या तरी लेकराच्या पेपरातून वजा होते.