शीलाचं खातं माझ्यात उघडं राहिलं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना असलो तरी भित्रा कधीच नव्हतो. पण कालपासून माझे अंग थरथरते आहे, आणि हा दोष माझ्या पंख्याचा नाही.

करमाडला मुंजाबा आणि मंजुळाबाईंच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांच्या मेंढ्यांचे माळ कारखान्यांच्या कुंपणात चालले होते. त्यांची शीला माझ्यावर शिकली. तिचे फोटो, तिचा ईमेल, सगळे माझ्याजवळ. रोज लिहायचा कंटाळा म्हणून पासवर्डही तिने मलाच सांभाळायला दिला. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डात अडकायच्या आणि कितीतरी दिवस ‘क’ उमटायचा नाही. तरी मला ते लाड आवडायचे.

मग दुष्काळ आला. मुंजाबा मेंढ्या घेऊन पैठणकडे गेले. मायलेकी शहरात एका खोलीत राहायला आल्या. तिथे मला जागा नव्हती. शीला क्लासला गेली असताना मंजुळाबाईंनी मला मुख्तारभाईंच्या जुन्या संगणकांच्या दुकानात विकायला आणले.

“ताई, सब साफ केलं ना?” मुख्तारभाईंनी विचारले.

“व्हय, ओल्या फडक्यानं पुसलाय की!” असे म्हणून त्यांनी माझी वायर काढून पिशवीत टाकली. “ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. जनावर इकलं तरी दावं देत नसतेत.”

दावं ठेवले की जनावराची बरकत घरातच राहते, अशी त्यांची श्रद्धा. मुख्तारभाई हसले. दुकानात तसल्या वायरी ढीगभर होत्या.

काल एक गिऱ्हाईक आले. मुख्तारभाई चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात त्याने मला चालू केले, आणि शीलाचा ईमेल आपोआप उघडला. मी हादरलो! मला ओरडता येईना. त्याने नवा पासवर्ड टाकला. तिच्या नावाने पिशोरच्या मामांना लिहिले, ‘मी संकटात आहे, लगेच पैसे पाठवा.’ मग मला विकत न घेताच तो निघून गेला. किती सहज! माझीच बटणे दाबून.

आज सकाळी शीला धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चाचा, खातं उघडंना! नर्सिंगच्या ॲडमिशनचं पत्र त्याच्यातच येणार हाय. आज उत्तर नाय दिलं तर जागा जाईल!”

मुख्तारभाईंनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! मी आधी पुसायला पायजे होतं.”

एकच वाट उरली होती. खाते परत मिळवायचा कोड मुंजाबांच्या फोनवर येणार होता. शीलाने मुख्तारभाईंच्या फोनवरून त्यांना फोन लावला.

“आबा, मेसेजातला नंबर सांगा.”

“नाय सांगणार,” मुंजाबा गरजले. “मामाचा फोन आलता, तुझ्या नावानं कुनीतरी त्याला फसवाया बघतंय. तू शीलाच कशावरून? आपल्या म्होरक्या मेंढीचं नाव सांग.”

“चांदी! आबा, लवकर!”

तेव्हा कुठे त्यांनी आकडे सांगितले. खाते उघडले. पत्र आलेले होते. शीलाने रडत रडत होकार पाठवला, पासवर्ड बदलला आणि मामांना फोन करून खरे काय ते सांगितले. माझ्यातले आपले फोटो काढून घेतले. खात्यातून बाहेर पडली. मग मला कोरे करायचे बटण तिने स्वतः दाबले.

मित्रांनो, यंत्र दुसऱ्याला देण्याआधी हवे ते काढून घ्या, खाती बंद करा आणि ते पार कोरे करा. आम्हाला आपला-परका कळत नाही. समोर बसेल तो आमचा मालक.

आता एकेक गोष्ट पुसली जाते आहे. करमाडचे अंगण गेले. झेंडू गेला. समोर एक मुलगी बसली आहे, तिचे डोळे ओले आहेत. नाव काय बरे तिचे?