अंबाबाईचं सात दिवसांचं कुंकू

दवाखान्याच्या मागं कोंबड्या ज्या भांड्यातून पाणी पितायत ना, ते भांडं म्हणजे मी. नाक मुरडू नका. आज माझं इनॅमल उडालंय, बुडाला गंज चढलाय. पण एके काळी मोठे डॉक्टरही बाह्या सरसावून माझ्यापुढं वाकायचे. मी चिलमची, हात-तोंड धुवायचं पसरट भांडं. परवा राज्य बदललं, त्याआधीपासून मी इथं आहे. निजामाच्या अमलात आम्हाला सगळे चिलमचीच म्हणायचे, आणि मला तेच नाव आवडतं.

हैदराबादेहून गवतात गुंडाळून मी रेल्वेनं परभणीला आले तेव्हा पांढरीशुभ्र होते, काठाला निळी रेघ. एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी मला लोखंडी तिवईवर बसवलं. शेजारी पाण्याची घागर, साबणाची वडी आणि कार्बोलिकची बाटली. माझा तोरा काय विचारता! माझ्यात हात धुतल्याशिवाय कुणी रोग्याला हात लावायचा नाही, असा तिथला नियमच होता.

वॉर्डात दगडाबाईंचा दरारा होता. वीस वर्षं नर्स म्हणून घालवलेली, हाडापेरानं दणकट बाई. त्यांच्या हाताखाली शिकायला आली मनकर्णा. पेडगावच्या शेतकऱ्याची लेक, सोळाव्या वर्षी विधवा झालेली. भावाच्या घरात नकोशी झाली, म्हणून इथं आली. सुट्टीत गावी गेली की भावजय तिच्या ओंजळीत वरून पाणी घालायची, तांब्या हातात द्यायची नाही. का, तर ही कुणाकुणाची घाण काढते. मनकर्णा हे हसत हसत सांगायची. पण सांगताना माझा काठ ती किती घट्ट धरायची ते मला ठाऊक आहे.

तिच्या हातून पहिली बाळंतीण दगावली तेव्हा ती खाटेपाशीच रडायला लागली. दगडाबाईंनी दंडाला धरून तिला माझ्यापाशी आणलं.

"वारडात रडायचं न्हाई, पोरी. दुखणाईत आपल्या तोंडाकडं बघत असतंय. आपलं तोंड पडलं की त्याचा धीर सुटतो. लयच भरून आलं तर हितं यायचं अन् तोंड धुवायचं. वलं तोंड बघून कुणी काई इचारत न्हाई."

तेव्हापासून मनकर्णा माझ्यापाशी येऊ लागली. वॉर्डाकडं पाठ करून ती तोंडावर पाणी मारायची, आणि त्या पाण्यात थोडं तिचंही पाणी असायचं. मला वाटायचं, आपण केवढ्या कामाच्या! माझी ती घमेंड पुढं कशी उतरली, तेच सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. गावोगावच्या गाड्या दारात लागल्या. झरीकडून एका गाडीत मेंढरं राखणारं एक जोडपं आलं, बिरू आणि त्याची बायको अंबाबाई. बिरूला मैदानातल्या पुरुषांच्या तंबूत ठेवलं, अंबाबाईला आमच्या वॉर्डात, दारासमोरच्या खाटेवर. तिचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बिरू गेला. धाकटा भाऊ येऊन त्याची माती करून गेला.

डॉक्टर व्यंकटरावांनी मनकर्णाला बजावलं, "बाईला इतक्यात कळू देऊ नका. तिची नाडी अजून हाताला लागत नाही. अंगात जरा ताकद येऊ द्या, मग मी बघतो."

बोलायला सोपं होतं. तोंड मात्र मनकर्णाचं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंबाबाईला जरा शुद्ध आली. तिनं कनवटीची कुंकवाची डबी काढली, पण हात कपाळापर्यंत जाईना.

"बाई, एवढं लावता का? धनी तिकडं पडलेत. मी उघड्या कपाळानं कशी ऱ्हाऊ?"

मनकर्णानं डबी हातात घेतली. ती स्वतः विधवा. कुंकवाला तिनं किती वर्षांत हात लावला नव्हता. आणि जिला लावायचं तिचा नवरा काल मातीत गेलेला. तिनं बोट बुडवलं आणि लावलं.

"कसे हायत वो ते?"

"बरे हायत. पेज पिले सकाळी."

मग ती ताठ चालत माझ्यापाशी आली. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. तिचं लाल बोट माझ्या पाण्यात बुडालं होतं. ती पुटपुटली, "देवा, हे पाप कुनाच्या माथी?" मी काय बोलणार! मी पत्र्याची. पाणी धरायचं एवढंच मला येतं.

असं सात दिवस चाललं. रोज कुंकू, रोज तोच प्रश्न, रोज नवं खोटं. आज उठून बसले. आज मेंढरांचं इचारत होते. अंबाबाई ऐकायची, मान हलवायची आणि वाटीतली पेज मुकाट्यानं संपवायची. तिच्या अंगात जीव भरत होता आणि इकडं मनकर्णाचा आटत होता. तिनं जेवण टाकलं. हातांना भेगा पडल्या तरी ती धूतच राहायची. शेवटचे दोन दिवस तर ती रडलीही नाही, नुसती माझ्याकडं बघत उभी राहिली. मला त्या कोरड्या डोळ्यांची फार भीती वाटली. कुणाला तरी हाक मारावी, म्हणावं की अरे, हिच्याकडं बघा कुणीतरी! पण दगडाबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आता पक्की नर्स झालीस."

दहाव्या दिवशी अंबाबाई भिंत धरून उभी राहिली. व्यंकटराव साथीच्या कामाला गावोगाव हिंडत होते, म्हणजे सांगणं पुन्हा मनकर्णाकडंच आलं. ती सकाळी खाटेपाशी गेली. अंबाबाईनं डबी काढली नाही.

"आज नगं लावू," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

मनकर्णानं विचारलं, "कुनी सांगितलं?"

अंबाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "तू पैल्या दिवशी कुकू लावलंस अन् तिकडं तोंड धुवायला गेलीस. हितून समदं दिसतंय, पोरी. पाठमोरी असलीस तरी खांदं हालत होते तुजे. तवाच कळलं मला."

"मग रोज का लावून घेतलंस, माय?"

"तू एवढं जिवापाड लपवायलीस, तुजं मन कसं मोडू? अन् खरं सांगू का, तेवढेच सात दिस मला सवाष्णीचे मिळाले."

ऐकलंत? मी स्वतःला लपायची जागा समजत होते, आणि मीच चुगली केली होती. सात दिवस त्या दोघी एकमेकींना सांभाळत होत्या आणि मधे मी माझ्या तोऱ्यात उभी होते.

अंबाबाई सावकाश माझ्यापाशी आली. मनकर्णानं हात द्यायचा तर तिनंच मनकर्णाचा हात धरला. वाकून तिनं कपाळ धुतलं. माझं पाणी लाल झालं. इतकी वर्षं मी पाणी धरलं, रक्तसुद्धा धरलं. पण तेवढं ओंजळभर पाणी मला पेलवेना. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि मनकर्णाची हनुवटी वर उचलली.

"लय वाळलीस गं. जेवलीस का तू?"

मनकर्णा तिथंच, भर वॉर्डात, तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.

दगडाबाईंनी ते पाहिलं. संध्याकाळी त्यांनी तिवई उचलायला लावली आणि मला मागच्या व्हरांड्यात ठेवलं. "खाटंवरून दिसायला नगं," एवढंच म्हणाल्या. त्यांना दुसरा उपाय ठाऊक नव्हता. सगळे गेल्यावर त्या स्वतः माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, आणि वीस वर्षांचं पाणी मी त्या एका संध्याकाळी धरलं.

मनकर्णा पुढं दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेली. कशी आहे, ठाऊक नाही. माझ्या जागी आता नवी चिलमची आहे, आणि नव्या पोरी तिच्यापाशीही वॉर्डाकडं पाठ करूनच उभ्या राहतात.

मला कोंबड्यांचं पाणी धरायचं काही वाईट वाटत नाही. एकच वाटतं. इतक्या वर्षांत हजारो माणसांनी माझ्यादेखत नर्सला विचारलं, माझं दुखणं कधी बरं होईल, औषध कधी देणार, पाणी कधी मिळेल. ती जेवली का, हे एकीनंच विचारलं, आणि तेही तिनं स्वतःचं कुंकू पुसल्या पुसल्या विचारलं.