चार बोटं लाकूड

मी करवत बोलतेय. एका हाताने चालवायची ती चिमुकली नव्हे हो. माणसाच्या उंचीची, दोन टोकांना दोन मुठी असलेली, ओंडके कापणारी. दातांची जात आहे, तेव्हा जरा फटकळ बोलले तर समजून घ्या.

लोहाराने मला घडवलं आणि एका लाकडाच्या वखारीला विकलं. तिथे मला दोन माणसं मिळाली, दादा आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षं झाली, एक मूठ याची, एक त्याची. माझा नियम साधा आहे. आपल्या पाळीला ओढायचं, दुसऱ्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. ढकललंत की मी वाकते.

दादा देवभोळे. नवा ओंडका कापायच्या लाकडी घोडीवर चढला की डोळे मिटून काहीतरी पुटपुटणार, मगच मला हात लावणार. भाऊजींचा कशावरच विश्वास नाही. "मेलो की माती, विषय संपला," असं ते खुशाल म्हणतात. पहिल्या वर्षी एकदा ते त्या पुटपुटण्याला हसले. दादांचं डोकं फिरलं आणि रागाच्या भरात त्यांनी मला पुढे ढकललं. माझं पातं मधोमध वाकलं, मूठ निसटली आणि भाऊजींच्या अंगठ्याचं नख गेलं. दोघेही पांढरेफटक! दोन दिवस मला ठोकून सरळ करत बसले होते.

तेव्हापासून ठरलं, मूठ हातात असताना वाद नाही. वाद घालायचा तो जेवताना, मला खुंटीला टांगून. एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याने घास चावत ऐकायचं. कोणी कोणाला कधी पटवलं नाही. हात धुऊन पुन्हा कामाला लागायचे. मला तर वाटायचं, दोघेही थोडे खुळेच आहेत.

गेल्या वर्षी गावात देवाच्या नावाने सभा सुरू झाली. दर आठवड्याला चौकात जमायचं आणि हात वर करून म्हणायचं, "आमचा विश्वास आहे." दादा जात, कारण त्यांचा होताच. भाऊजी जात नसत. मग न जाणाऱ्यांच्या दारांवर खडूच्या फुल्या दिसायला लागल्या. समोरचा शिंपी दुकानाला कुलूप लावून निघून गेला. शाळेतल्या मास्तरांना चार जण "जरा बोलायचंय" म्हणून घेऊन गेले. त्यांच्या चपला दारातच राहिल्या. आठ दिवसांनी त्याही कोणीतरी नेल्या.

परवा भाऊजींच्या दारावर फुली आली.

"एकदा हात वर करा आणि सुटा," दादा जेवताना म्हणाले. "मनात काय आहे ते कोण बघतंय?"

"तुमचा देव बघतो, असं तुम्हीच म्हणता की," भाऊजी म्हणाले. "मी खोटा हात वर केला तर अपमान तुमच्या विश्वासाचाच होईल, दादा."

दादा चिडले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मग तुमच्यासाठी मीच मागतो त्याच्याकडे. चालेल ना?"

"मला काय अडचण असणार?"

आज दुपारी सभेवाले आले. सभेच्या व्यासपीठाच्या खांबांसाठी मोठा ओंडका नुकताच घोडीवर चढवला होता. दहा-बारा जण होते, पुढे एक मफलरवाला पोरगा. त्याच्या आईच्या पलंगाचं लाकूड मीच कापलेलं.

"याला न्यायला आलोय," त्याने भाऊजींकडे बोट केलं.

दादांनी मूठ सोडली नाही. "बस, आधी पाणी पी. आईचे गुडघे कसे आहेत आता?"

"बरे आहेत," तो गडबडून म्हणाला आणि मग एकदम ओरडला, "विषय बदलू नका! तुम्ही आमच्यातले आहात ना?"

"आहेच की. म्हणून तर सांगतो. यांनी नाही म्हटलं तर आपला विश्वास खोटा ठरेल, अशी तुला भीती वाटते. अरे, माझा बावीस वर्षांत नाही ठरला."

मफलरवाल्याने हातातली दोरी पुढे केली. पण व्यासपीठ उद्या सकाळी उभं राहायला हवं होतं. त्याने आपल्यातला एक धिप्पाड गडी भाऊजींच्या जागी दुसऱ्या मुठीला लावला. गड्याने जोर करून ढकललं. मी अडकले. पुन्हा ढकललं, पुन्हा अडकले. शेवटी मफलरवाला वैतागून म्हणाला, "ठीक आहे, ओंडका कापून होऊ दे. मग नेतो."

भाऊजींनी मूठ धरली. "दादा, या गडबडीत तुमचं पुटपुटायचं राहिलं. होऊ द्या, मी थांबतो."

दादांनी डोळे मिटले. आज त्यांना फार वेळ लागला.

तेव्हापासून आम्ही कापतोय. इतकं हळू मला कधीच कोणी ओढलं नव्हतं. दादा दर पाच ओढींनी घाम पुसतात. भाऊजी भुसा फुंकतात, तोही थोडाथोडा. आलेल्यांपैकी तिघे कंटाळून घरी गेले. एक म्हातारा खाली बसलाय आणि मघापासून भाऊजींकडे बघतोय. मफलरवाला हातातली दोरी गुंडाळतो, सोडतो, पुन्हा गुंडाळतो.

मला भीती वाटतेय, माझीच. कालच कानस मारून मला धार लावलीय. कितीही हळू ओढलं तरी लाकूड कापलं जातंच. मुद्दाम बोथट व्हायला मला जमत नाही हो!

रस्त्याने जाणाऱ्यांनो, ही खरखर ऐकू येत असेल तर आत या. तुमचा विश्वास कशावर आहे, कशावर नाही, मला काही देणंघेणं नाही. भांडू नका, आवाज चढवू नका, नुसते दादांच्या शेजारी उभे राहा. चार माणसं जास्त दिसली तर मफलरवाल्यालाही घरी जायला निमित्त मिळेल. पण लवकर या. मी बोलायला लागले तेव्हा चार बोटं लाकूड उरलं होतं. आता दोन आहे.