चोरीला गेलेल्या प्रयोगवहीचा सूड

मी एक जुनी प्रयोगवही आहे. माझे पहिले पान फाडलेले आहे, आणि ते कोणी फाडले हे मी विसरलेले नाही.

मित्रांनो, १९३८ साली शिंदखेड्याच्या यशोदाने मला धुळ्याच्या बाजारात घेतले. मावशी बेबाबाईंकडे राहून ती हायस्कुलात शिकत होती. शास्त्राच्या वर्गात मुलगी ती एकटीच. मुले प्रयोगाच्या टेबलाभोवती कोंडाळे करत, तिला मागून टाचा उंचावून पाहावे लागे. घरी आली की पुस्तक मिटून आठवेल ते ती माझ्यात लिही. मग मावशीच्या चुलीपाशी जमेल ते करून पाही आणि चुकलेल्या ओळीखाली लाल पेन्सिलीने खरे काय ते मांडी. अडलेले शेवटच्या पानावर जाई, दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला.

वही दाखवल्याशिवाय मॅट्रिकला बसू देणार नव्हते. तपासणीच्या आदल्या दिवशी तिच्याच वर्गातल्या, वकिलांच्या रतिलालने मला तिच्या पिशवीतून उचलले, नावाचे पान फाडले आणि पुठ्ठ्यावर स्वतःचे नाव घातले. वर्षभर त्याने एक ओळ लिहिली नव्हती. त्याच्या हातात माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच्या दप्तरातून डोकावणारा माझा हळदीच्या डागांचा पुठ्ठा यशोदाने ओळखला. मावशी म्हणाली, नवी वही आण, लिहून काढ. यशोदा म्हणाली, "मावशी, माले नवी वही नको. माले त्याले बठ्ठास्ना समोर खोटं पाडनं शे."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या वेळी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि वही आपली असल्याचे तिने सांगितले. रतिलाल म्हणाला, प्रयोग माझे, फक्त अक्षर बहिणीचे. शास्त्राच्या पितांबर सरांनी मला मधेच उघडले. 'लिंबाच्या रसाने हळद लाल होते' अशी ओळ होती, खाली लाल पेन्सिल.

"हे चुकीचे आधी का लिहिले?" सरांनी विचारले.

रतिलाल पानाकडे वाकून पाहू लागला. यशोदा जागेवरूनच म्हणाली, "आठवले तसे लिहिले होते, सर. करून पाहिले तर लिंबाने नाही, धुण्याच्या सोड्याने लाल झाली. चुकले ते मी खोडत नाही. खोडले तर कुठे चुकते ते कळत नाही."

रतिलालचे कान लाल झालेले पाहून मला किती सुख झाले म्हणून सांगू! त्याला शाळेतून काढावे, असेच मला वाटत होते. सरांनी शिक्षा यशोदालाच ठरवायला सांगितली. ती म्हणाली, त्याने सगळे प्रयोग माझ्यासमोर पहिल्यापासून करावेत आणि स्वतःच्या हाताने लिहावेत, माझ्यासारखेच. दीड महिना ती त्याच्या डोक्यावर उभी राहिली. जरा चुकले की पुन्हा करायला लावी.

मॅट्रिकचा निकाल लागला. दोघेही पास झाले, पण शास्त्रात रतिलालला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त मिळाले.

यशोदा खूप हसली. मला अजून हसू येत नाही. म्हणून मित्रांनो, आपल्या वह्या जपा. आणि कुणावर सूड उगवायचा असेल, तर त्याला अभ्यासाची सवय तेवढी लावू नका.